हात लाव, मग बोल

माझं घड्याळ मेश्रामबाईंनी बुडवलं. चोरून नाही, चुकून नाही. चांगलं माझ्याकडून मागून नेऊन बुडवलं. मी ऑफिसात, म्हणजे कपाटाच्या आड टाकलेल्या टेबलाशी, खिचडीच्या तांदळाची माहिती भरत बसलो होतो. बाई दारात आल्या. "भाऊ, घड्याळ द्या जी जरा. पोट्ट्यायले पाह्याचं आहे." मला वाटलं, किती वाजले ते शिकवत असतील. काढून दिलं. थोड्या वेळाने पहिली-दुसरीच्या वर्गातून एकच ओरडा आला, "बुडलंऽऽ!" जाऊन पाहतो तर बादलीच्या तळाशी माझं घड्याळ, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, आणि बादलीभोवती सगळी पोरं टाचा उंचावून उभी. कुणीतरी विचारलं होतं, सरचं घड्याळ बुडते का तरते?

"अहो बाई, हे तोंडानं सांगता आलं नसतं का?" मी भडकलोच. मी तसा चिडका माणूस, आणि घड्याळ सासऱ्यांचं.

"तोंडानं सांगतलं असतं तं त्यायनं मान हालवली असती, भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. मग घड्याळ बाहेर काढून कानाला लावलं. "बंद पडलं. चला, दुसरा प्रयोगई झाला."

आता यावर काय बोलणार, कपाळ! त्या दिवसापासून मी हातात घड्याळ घातलं नाही.

आमची शाळा सिंदेवाहीपासून आत, रानाच्या अगदी कडेला. दोन मास्तर, चार वर्ग. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी बाईंकडे. बाई मूळच्या ब्रह्मपुरीच्या. ठेंगण्या, केस चापून बसवलेले, पदर कमरेला खोचलेला. एप्रिलात जयंतीला पांढरीशुभ्र साडी नेसायच्या, एरवी सगळ्या साड्यांना चिखलाचे किंवा हळदीचे डाग. खांद्याला पर्स नाही, वायरची पिशवी. सकाळी वर्गात शिरल्या की ती पिशवी जमिनीवर पालथी करायच्या. रिठे, शंख, बकरीचं शिंग, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, फुटक्या स्पीकरमधलं चुंबक, कधी एखादं रिकामं घरटं. पोरं तुटून पडायची.

पोरांना त्या सायेब म्हणत आणि पोरींना म्याडम. "काऊन जी सायेब, नाक पुसाचं राह्यलं का?" मारत कधी नव्हत्या. पण एका गोष्टीला त्यांच्याकडे माफी नव्हती. एखाद्याने वस्तूला हात न लावता उत्तर दिलं की बाई कानावर हात ठेवून उभ्या राहायच्या. मग सगळा वर्ग ओरडायचा, "हात लाव, मंग बोल!" बाजारातही त्यांचं हेच. वांगं दाबून पाहिल्याशिवाय भाव विचारायच्या नाहीत, आणि भाजीवालीने डोळे वटारले तर तिलाच दाबून पाहायला सांगायच्या.

एकदा मी विचारलं, हे खूळ आलं कुठून? तेव्हा बाई एकदम गंभीर झाल्या. "माहा बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, भाऊ. पन पुस्तक कमी नाई पडू देल्लं. मी घोकलं, लोहचुंबक लोखंडाला आकर्षित करते. पहिला नंबर आला माहा. अन् चुंबक हातात आलं ते डी.एड.ले गेल्यावर. खिळा टचकन चिपकला तं मी भेली. सगळे हासले." मग म्हणाल्या, "लय राग आला मले. आजई येते."

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. पहिलीच्या पोरांना विचारलं, "बेडूक कुठे राहतो?" वर्ग चूप. मग एक सायेब उठला, "थांबा जी, पाहून सांगतो," म्हणाला आणि धूम पळाला. त्याच्यामागे सगळा वर्ग. शाळेच्या मागेच बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, आणि तिच्या पलीकडे धानाच्या बांध्या. केंद्रप्रमुख रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसून राहिले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, विद्यार्थी वर्गात थांबत नाहीत. बाई तो शेरा वाचून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "खरंच लिवलं जी त्यायनं!"

पुढे त्याच वर्गाला आम्ही कुलूप लावून बसवलं.

झालं असं की पावसाळा सरता सरता गावाच्या शिवारात वाघाचा वावर सुरू झाला. आधी बकऱ्या गेल्या, मग एक गोऱ्हा. आणि मग देवाजीची माय. देवाजी म्हणजे बोडीपलीकडे ज्याचं वावर आहे तो, शाळा समितीवरचा. त्याची पोरगी समीक्षा बाईंकडे दुसरीत. ही डोकरी रोज शाळेवरून गवताला जायची आणि जाता-येता बाईंच्या पिशवीसाठी काहीबाही देऊन जायची; शंख, पाखराचं पीस, शिंगाडे. ती बोडीच्या बांधावर गवत कापत होती. सापडली बोडीच्या पलीकडच्या काठाला. बाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली नाही.

त्यानंतर शाळेला चारी बाजूंनी तारेची जाळी लागली. फाटक लागलं. किल्ली माझ्या खिशात. सकाळी गावातले बाप्ये काठ्या घेऊन, डबे वाजवत पोरांचा घोळका आणून सोडायचे, मी कुलूप लावायचो, संध्याकाळी ते आले की उघडायचो. धानसुद्धा गावाने त्या साली राखणीने कापलं. अर्धी माणसं वाकून कापायची, अर्धी त्यांच्याकडे पाठ करून, रानाकडे तोंड करून, गोल धरून उभी राहायची. मग पाळी बदलायची. शिवाय मुखवटे वाटले गेले, माणसाच्या तोंडाचे, डोक्याच्या मागे बांधायचे. जनावर पाठीमागून येतं, त्याला वाटावं की माणूस पाहतोच आहे.

बाईंनी त्या मुखवट्याचाही प्रयोग केला. मागे बांधला आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वर्ग चिडीचूप. बाईंना हसू आवरेना. "पाहा भाऊ, पोट्ट्यायवर तं चालते!" तेवढ्यात एक म्याडम म्हणाली, "बाई, पन त्याले नाक हाय न? त्याले वास नाई येत का?" बाईंनी मुखवटा सोडला आणि खिडकीला टांगून ठेवला.

पण हसण्याचे असे दिवस थोडे. बाई आधी स्कुटीवर यायच्या, रानातल्या रस्त्याने गाणी म्हणत. आता माझ्याबरोबर जीपमध्ये, काचा वर. मधल्या सुट्टीत पोरं जाळीला तोंडं लावून उभी राहायची आणि बोडी समोर दिसायची, हाकेच्या अंतरावर, बगळे बसलेली. बाईही त्यांच्यात उभ्या राहायच्या, तारेत बोटं अडकवून. एकदा मला म्हणाल्या, "घरी कुलूप, गाडीत काच, इथी जाळी. भाऊ, मले कोंडल्यावानी होते. माहा जीव घुसमटते." माझाही घुसमटत होता. पण किल्ली असलेल्या माणसाने ते बोलायचं कसं, म्हणून मी खेकसलो, "मग काय फाटक उघडून देऊ?"

मग त्यांनी बोडीच वर्गात आणायचं ठरवलं. देवाजीकडून बादलीभर पाणी आणवलं; पाणकिडे, गोगलगायी, बोटभर मासोळ्या, सगळं आलं. पोरं दोन दिवस बादलीला चिकटून. तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं तर मासोळ्या पोटं वर करून तरंगत होत्या. पोरांनी नियमाप्रमाणे हात लावून पाहिला. एक सायेब म्हणाला, "बाई, हे कोंडल्यानं मेले का?" बाई बादली उचलून जाळीपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल. "हे नव्हतं जी शिकवाचं मले," एवढंच म्हणाल्या.

तरी ही बाई थांबली का? नाही. परातीत चुलीची राख चाळून पसरली. तीत कोंबडी चालवली, खिचडी करणाऱ्या ताराबाईंची मांजर चालवली, कुत्रा चालवला, एक अडेल बकरी मी स्वतः कान धरून चालवली. कुणाचा पाय कसा उमटतो, नखं दिसतात की नाही, टाच कशी, हे पोरं बोटाने चाचपून सांगायची. मांजराचं नख दिसत नाही, कुत्र्याचं दिसतं, हे पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगू लागलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी विचारलं, "बाई, अन् वाघाचा?"

समीक्षा तिथेच बसलेली. बाईंना विषय संपवायचा होता, म्हणून त्या पटकन म्हणाल्या, "त्याचा पाय आपन पाह्यला नाई. हात नाई लावला, तं बोलाचं नाई." झालं. त्यांच्या मते विषय बंद झाला. पण पोरांना त्यांनीच शिकवलं होतं, की ज्याला हात लावला नाही ते आपलं काम बाकी आहे.

चार-पाच दिवसांनी वनरक्षकाला बोडीजवळच्या ओल्या पायवाटेवर ठसा सापडला. त्याने भोवती दगड मांडले आणि वनखात्याचे मोजणीवाले येईपर्यंत मोडू नये म्हणून वर घमेलं पालथं घालून ठेवलं. जाळीतून ते घमेलं सगळ्यांना दिसत होतं. मधल्या सुट्टीत मी माझ्या पोरांच्या हातावर पाणी घालत होतो. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. देवाजी पोरीला कडेवर घेऊन फाटकाशी उभा. पाणी जायला जाळीखाली जी नाली ठेवली होती, तिच्यातून समीक्षा सरपटत बाहेर गेली होती. देवाजी वावरातून येत होता, तर त्याला दिसलं, पोरगी घमेलं बाजूला सारून एकटी उकिडवी बसली आहे. तिथून पलीकडचा काठ, जिथे त्याची माय सापडली होती, समोरच.

मी फाटक उघडलं. देवाजीने पोरीला बाईंसमोर उभं केलं. बाईंचा हात उगारला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तेवढ्यात समीक्षा बोलली.

"बाई, मी हात लावला. थंडं हाय. मऊ हाय. माहा पंजा पुरा त्यात मावते. नख नाई दिसत बाई, मांजरीवानीच." आणि मग, "आजीले त्यानंच नेलं न?"

बाईंनी उगारलेल्या हातानेच तिला पोटाशी ओढलं आणि मटकन खाली बसल्या. दुसरीतली बाकीची पोरं भोवती जमली आणि हळू आवाजात समीक्षाला विचारत होती, "किती थंडं? राखेवानी का मातीवानी?" मी त्यांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. काहींनी आरडाओरडा केला, बाईची बदली करा म्हणून. मीही चढ्या आवाजात उत्तरं दिली. देवाजी मात्र ओरडला नाही. तो म्हणाला, "बाई, तुमी वाईट नाई. पन तुमी पोट्ट्यायले म्हनता, हात लाव. आता इथी हात लावाची जागा नाई राह्यली. माही माय गेली. तोंडानं शिकवा. पुस्तकातून शिकवा. येवढं आयका माहं." बाईंनी मान खाली घालूनच सांगितलं, "हाव भाऊ. पुस्तकातून शिकवतो."

आणि शिकवलं. पिशवी घरी राहिली. खिडक्या लावलेल्या, फाटकाला कुलूप, आणि पलीकडच्या वर्गातून एका सुरात आवाज: झाडाला मूळ असते, झाडाला खोड असते, झाडाला पाने असतात. मला शांत वर्ग हवा होता ना इतकी वर्षं? मिळाला. आणि तो मला सहन होईना. बाई दुपारी डबा तसाच मिटून ठेवायच्या. जीपमध्ये काचेला डोकं टेकून बसायच्या. मी म्हटलं, बाई, बदलीचा अर्ज करा, इथे जीव देऊ नका. म्हणाल्या, "केला जी. पन जाईस्तोवर तोंड तं दाखवा लागनच न पोट्ट्यायले."

मग एक दिवस तो आवाज बंद झाला. पाहायला गेलो तर बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. पुस्तकात बेडकाचं चित्र होतं आणि बाईंनी विचारलं होतं, बेडकाचं अंग कसं असतं? एका सायेबाने आधी चित्रावर बोट फिरवलं आणि मग उत्तर दिलं, "चिकनं लागते बाई." पुढच्याने झाडाच्या खोडाच्या चित्रावर बोट फिरवलं. "हे बी चिकनं." दगडाचं चित्र, तेही चिकणं. सगळा वर्ग पानापानावरून बोटं फिरवत होता, अगदी मनापासून, नियम पाळून. सगळंच गुळगुळीत. समीक्षा म्हणाली, "बाई, पुस्तकात सगळंच चिकनं असते."

संध्याकाळी देवाजी पोरं न्यायला आला तेव्हा बाई फाटकात त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. इतक्या जवळ, की त्याला वाटच मिळेना.

"देवाजीभाऊ, धानासाठी राखन केली न तुमी?"

"केली."

"मंग माह्या पोट्ट्यायसाठी करा. अर्धा घंटा. बोडीवर."

देवाजी त्यांच्याकडे पाहत राहिला. "त्या बोडीवर मी सोता जात नाई, बाई. बादली आनली, तेई गावाकडच्या घाटावरून. पार तिकडून फिरून वावरात जातो."

"मालूम आहे मले."

"अन् काई झालं तं?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. "तं माह्यापाशी जवाब नाई," त्या म्हणाल्या.

देवाजी पोरीचा हात धरून निघून गेला. आठवडा गेला. दुसरा गेला. बाईंनी परत विषय काढला नाही आणि मीही नाही. वर्गात पुन्हा झाडाला मूळ असते सुरू झालं.

मग एका सकाळी पोरांना सोडायला आलेली माणसं परत गेलीच नाहीत. बाप्ये होते, चार-दोन बायाही होत्या, काठ्या, कुऱ्हाडी, वाजवायला तेलाचे डबे. देवाजी पुढे होता. त्याने माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "उघडा सर."

बोडीच्या अलीकडच्या काठाला गोल धरला. आत बाई आणि पोरं, भोवती माणसं, सगळ्यांची पाठ पोरांकडे, तोंड रानाकडे. सवयीने सगळ्यांनी मागे मुखवटे बांधलेले. आतून खिदळणं ऐकू आलं, "बाई, हे सगळे आमच्याकडेच पाहून राह्यले!" गोलात एक जागा कमी पडत होती, देवाजीच्या शेजारची. बाईंनी मला तिथे उभं केलं. "भाऊ, तिकडं पाहा. मागं पाह्याचं नाई." हातात काठी दिली.

म्हणजे बाईंचा तो तास मी पाहिलाच नाही. नुसता ऐकला. माझ्यासमोर रान, वाळलेला पळस, हलणारं गवत. प्रत्येक हलणारं पान मला तेच वाटत होतं. आणि पाठीमागे चिखलाचा पचपच आवाज, "सायेब, चप्पल काढा," "म्याडम, घट्ट धरा, चावत नाई ते," आणि किंचाळ्या, आणि बाईंचं मोठ्याने हसणं. ते हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. राखणीवाल्यांच्या माना आपोआप मागे वळायच्या आणि बाई ओरडायच्या, "ए काका! तिकडं!"

त्यानंतरही गावाने दोन-चारदा अशी राखण केली. कुलूप काही निघालं नाही, आजही नाही. ते जनावरही कुणाला सापडलं नाही. उन्हाळ्यात बाईंच्या बदलीचा आदेश आला आणि त्या राजुऱ्याकडे गेल्या. निरोप झाला, नारळ दिला, मी भाषणही केलं म्हणतात. त्यातलं मला काही आठवत नाही. बाई म्हटलं की मला ती पहिली राखणच आठवते, आणि तिच्यातही शेवटची चार मिनिटं.

अर्धा तास होत आला असावा. घड्याळ कुठलं असायला माझ्याकडे! शेजारी देवाजी, डोळे समोर, जबडा आवळलेला. त्याच्यामागे समीक्षा येऊन उभी राहिली. "बाबा, हात मांगं कर." त्याने एक हात मागे केला, तळवा उघडा, नजर रानावरून हलू न देता. तिने त्यावर काहीतरी ठेवलं; डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं ते काळं, ओलं.

"सांग, काय हाय? हात लाव, मंग बोल."

देवाजीची बोटं हळूहळू मिटली. मनगटावरून पाणी ओघळलं. "थंडं हाय," तो म्हणाला. "मऊ हाय."

"हाव, पन काय हाय?"

मूठ तशीच घट्ट.

"बोडी हाय, बेटा," तो म्हणाला. "आपली बोडी हाय."

मला राहवलं नाही. मी मागे वळून पाहिलं. मेश्रामबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, साडी खोचलेली, कोपरापर्यंत चिखल, पोरं चहूकडून लोंबकळलेली. त्या देवाजीच्या त्या मिटलेल्या मुठीकडे पाहत होत्या. हात माखलेले, म्हणून कोपराने डोळे पुसायला गेल्या आणि गालभर चिखल फासून बसल्या. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"भाऊ!" त्या कडाडल्या. "तिकडं पाहा न जी!"

मी पुन्हा रानाकडे तोंड केलं.